पिल्लू राहू द्या, पाणी आणा

एप्रिल लागला की रात्री साडेनवानंतर माझा फोन वाजायला लागतो. माशांच्या दुकानदाराशी एवढ्या रात्री कुणाचं काय काम असणार? पण ज्यांच्या घरी ॲक्सोलॉटलचं पिल्लू आहे, त्यांचं असतं. जेवणं उरकलेली असतात, पोरगं झोपायच्या आधी टाकीशी एक चक्कर मारतं आणि घरात गलका होतो. मग कुणीतरी मोठं माणूस, बहुतेक वेळा आईच, फोन लावते. "दादा, ते उलटं तरंगतंय ओ." "दादा, त्याच्या कल्ल्यांचा रंग उडालाय." "सकाळपासून जागचं हललं नाही, गेलं तर नाही ना?" माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे आणि तो ऐकून समोरचं माणूस थोडं नाराजच होतं. मी विचारतो, पाणी किती गार आहे?

आपण पिल्लाचं सांगतोय आणि हा पाण्याचं विचारतोय, असं त्यांना वाटतं. वाटू दे. इतक्या वर्षांत मी जी पिल्लं पाहिली त्यांतली बहुतेक आजारी नव्हतीच. त्यांच्या भोवतीचं पाणी आजारी होतं.

नगरमध्ये माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे. २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी फोनवर लोक अजून "नगरहून बोलतोय" म्हणतात, मीही म्हणतो. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली आणि नोकरीच्या मागे न लागता काचेच्या टाक्या विकायला बसलो. गप्पी, मॉली, गोल्डफिश, फायटर, एखाद्या हौशी व्यापाऱ्यासाठी अरोवाना, असा माझा धंदा. यांतले बहुतेक मासे आमच्या हवेला सरावतात. डिसेंबरात हीटर विकायचे आणि उन्हाळ्यात पंख्याखाली बसून राहायचं, असं वर्षाचं गणित होतं. मग २०२१ साली माइनक्राफ्ट नावाच्या खेळात ॲक्सोलॉटल आला, आणि सहावी-सातवीतली मुलं दुकानात येऊन ते नाव माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारायला लागली. आईबापांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी तो "हसणारा मासा" किंवा "तो पायांचा". एका आजींनी त्याला "ड्रॅगनचं बाळ" म्हटलं, तेही त्यांच्या नातवाकडून ऐकून.

तो मासा नाही, हे सांगण्यात माझी पहिली पाच मिनिटं जातात. तो बेडकाच्या गोतातला, उभयचर. फरक एवढाच की बेडकाचं पिल्लू वाढतं, कल्ले आणि शेपटी टाकतं आणि जमिनीवर येतं. हा मात्र आयुष्यभर पिल्लूपणातच राहतो. वीतभर वाढला, अंडी घालायच्या वयाचा झाला, तरी डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसांसारखे कल्ले तसेच आणि मुक्काम पाण्यातच. आपल्याकडे शेपटीवाले उभयचर पाहायचे तर दार्जिलिंग नाहीतर ईशान्येकडच्या डोंगरांत जावं लागतं. सह्याद्रीत ते नाहीत. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्यात कुणाच्या आजोबांनाही या प्राण्याचा अनुभव नाही. गाय फुगली तर काय करायचं, शेळीच्या करडाला जुलाब झाले तर काय पाजायचं, हे आमच्याकडे घराघरात ठाऊक असतं. जनावरांचे डॉक्टरही दूधधंद्याच्या जिल्ह्यात असावेत तसे जाणते आहेत. पण बोटाएवढा उभयचर टेबलावर ठेवला की तेही हसून मान हलवतात. असे प्राणी पाहणारे डॉक्टर पुण्याला, म्हणजे सव्वाशे किलोमीटरवर. तेवढ्या प्रवासात पिशवीतलं पाणी तापून पिल्लू अर्धमेलं होतं. म्हणून पहिली हाक मला. मी डॉक्टर नाही, हे प्रत्येकाला सांगतो आणि मग पाण्याचं बोलायला लागतो.

हा प्राणी मेक्सिकोतला. मेक्सिको शहराच्या अंगाला सोचिमिल्को नावाचे कालवे आहेत, एका जुन्या मोठ्या तळ्याचे अवशेष. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंच. पाणी बारमाही गार. नगर साडेसहाशे मीटरवर, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळीस ओलांडतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या घरात टाकीचं पाणी तीस-बत्तीसला सहज जातं. ॲक्सोलॉटलला सोळा ते अठरा अंश मानवतं, वीस-एकवीस तो निभावून नेतो, चोवीसच्या पुढे त्याची घसरण सुरू होते. त्याचे अठरा आणि आमचे बत्तीस, या दोन आकड्यांमधल्या दरीत माझं सगळं काम चालतं.

आता लोकांना कशाची भीती वाटते ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे.

पाइपलाइन रोडकडच्या एका घरी दोन पिल्लं होती, एकाच टाकीत. "एकट्याला करमणार नाही" म्हणून दुसरं आणलेलं, तेही दुसऱ्या शहरातून पार्सलने. एका संध्याकाळी वडील, आई आणि रडून डोळे सुजलेली मुलगी असे तिघेही दुकानात आले. एका पिल्लाचा पुढचा पाय कोपरापासून गायब होता. दुसऱ्याने खाल्ला होता. या वयात ती एकमेकांना खातात. समोर हललं ते तोंडात, एवढाच त्यांचा विचार. मुलीला वाटत होतं आपलं पिल्लू आता जन्माचं अपंग झालं. वडील पुण्याला न्यायची तयारी करून आले होते, गाडीत डिझेलसुद्धा भरून.

मी त्यांना सांगितलं, पाय परत येईल. नुसता कोंब नाही, हाड, स्नायू, नसा आणि बोटं धरून पूर्ण पाय. लहान पिल्लात दीड-दोन महिन्यांत. या एका गुणापायी जगभरच्या प्रयोगशाळा त्याला पाळतात. हृदयाचा तुकडा, मणक्यातला मज्जारज्जू, मेंदूचा भागसुद्धा तो भरून काढतो. २०१८ साली त्याचा जनुकसंच वाचून झाला, तो माणसाच्या दहापट मोठा निघाला. त्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिची समजूत काढायला थाप मारतोय. मग मी विचारलं, पाणी किती अंश आहे? वडील म्हणाले, "थंडच आहे, आम्ही हात घालून पाहतो."

हात घालून! आपलं अंग छत्तीस-सदतीस अंशांचं. त्याला सत्तावीसचं पाणीही थंडगार लागतं. मी काचेवर लावायचा थर्मामीटर दिला, पन्नास-साठ रुपयांची वस्तू. रात्री फोन आला, सत्तावीस पूर्णांक काहीतरी. पाय तुटल्याने ते पिल्लू मरणार नव्हतं. त्या पाण्याने मात्र दोन्ही मेली असती, आणि कुणी रडलंही नसतं त्या आकड्यासाठी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच वेळी पिल्लाच्या अंगातली चयापचयाची गती वाढून त्याला प्राणवायू जास्त लागतो. भूक जाते, पोटातलं अन्न पचायच्या आधी कुजायला लागतं, बुरशी अंगावर बसायला टपलेलीच असते. रक्त दिसलं की घर हलतं. अंश चढत गेले तर कुणाला दिसत नाहीत.

पिल्लं वेगळी केली, पाणी गार केलं. पाय आला. तिने रोज फोटो काढून ठेवले होते. कोपराशी आधी पांढुरकी गाठ, मग वल्ह्यासारखा चपटा तुकडा, मग त्याला खाचा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने ते लावले, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

पाणी गार ठेवायचा सरळ उपाय म्हणजे चिलर. तो टाकीच्या कितीतरी पट महाग पडतो आणि दहातल्या नऊ घरांत परवडत नाही. मग उरतात आमचे देशी उपाय. नगरची हवा उन्हाळ्यात कोरडी, हा आमचा फायदा. टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन ते चार अंश खाली येतात. कॉम्प्युटरचे जुने छोटे पंखे चार्जरला जोडून मी स्वतः तसे जोड तयार करून देतो. निजामशाहीतल्या माणसांना हे चांगलं माहीत होतं. सोळाव्या शतकातला नगरचा फराहबागेचा महाल त्यांनी तलावाच्या मधोमध उभा केला तो काही नुसत्या शोभेसाठी नव्हे. आज तलाव कोरडा आहे, महाल उभा आहे. असो. पंख्याचा तोटा असा की पाणी रोज आटतं, त्याची भर घालावी लागते, आणि जून संपता संपता हवा दमट झाली की पंखा हात टेकतो. नशिबाने तोवर पावसाळी गारवा आलेला असतो.

बर्फाच्या बाटल्यांचा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. फ्रीझरमधून बाटली काढली, टाकीत सोडली, पाणी झपकन सहा अंश उतरलं. दोन तासांनी बाटली वितळली, पाणी पुन्हा चढलं. पिल्लाला हा झोका सोसत नाही. स्थिर बावीस परवडलं, पण सोळा-सव्वीस-सोळा नको, हे मी पालकांना सांगून सांगून थकलो. बाटली वापरायचीच तर छोटी, आणि टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावून. भिंगारच्या एका गृहस्थांनी वेगळंच केलं. त्यांनी मातीचा रुंद तोंडाचा रांजण घेतला, महिनाभर पाणी बदलत राहिले, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि त्यात पिल्लू ठेवलं. घराच्या उत्तरेच्या खोलीत, फरशीवर. पाणी बाविशीच्या आसपास राहिलं, मे महिन्यात, वीज गेली तरी. काच नसल्यामुळे पिल्लू फक्त वरून दिसायचं, म्हणून त्यांच्या नातवाने तक्रार केली. पिल्लाने केली नाही. त्याला उजेड नकोच असतो, त्याच्या डोळ्याला पापणी नाही.

फ्रिजचंही सांगायला हवं, कारण तो सल्ला सगळीकडे फिरतो. पिल्लू डब्यात घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचं म्हणजे ते "मंद" होतं आणि आजार थांबतो. मोठ्या, धडधाकट प्राण्यासाठी अगदी अडचणीत हे करतात, पाणी हळूहळू उतरवत नेऊन आणि रोज बदलून. बोटाएवढ्या पिल्लासाठी मी ते सुचवत नाही. एका घरी मात्र मुलाने करून टाकलं होतं, आणि सकाळी कोथिंबीर काढायला गेलेल्या आजींनी जी किंकाळी फोडली ती म्हणे शेजारच्या सोसायटीत ऐकू गेली. पिल्लू वाचलं. त्या फ्रिजमधली भाजी पुढे आठवडाभर आजींनी खाल्ली नाही.

गारव्याखालोखाल दुसरी गोष्ट डोळ्याला न दिसणारी, अमोनिया. हे समजावताना शहरातली शिकलेली माणसं मला जास्त त्रास देतात. "पाणी तर काचेसारखं आहे हो!" अमोनिया काचेसारखाच असतो. पिल्लाची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा मलांश, न खाल्लेलं अन्न, या सगळ्यातून तो तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वसलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे रविवारी टाकी घ्यायची, रविवारीच पाणी भरायचं आणि रविवारीच पिल्लू सोडायचं अशी घाई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कल्ले आखडतात, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळतं, कातडी लालसर होते.

राहुरीकडचे एक शेतकरी त्यांच्या मुलासाठी आले होते. मुलगा इंजिनिअरिंगला, पिल्लू त्याचं, पण सुट्टी संपल्यावर ते वडिलांच्या गळ्यात पडलेलं. विहिरीचं पाणी. मी टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकले, पिवळ्याचं हिरवं झालं. मी जिवाणू, नायट्रोजन वगैरे सुरू करणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "अमोनिया म्हणजे युरियातला ना?" म्हटलं, तोच. "मग आसं सांगा ना. युरिया विरघळलेल्या बादलीत तोंड घातलं तर बैल जातो. हे तर आपल्याच युरियात बसलंय." मला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं. पुढचंही ते स्वतःच म्हणाले: उसाच्या पट्ट्यात विहिरीत खत उतरतं, तेव्हा आपलं पाणी आधीच अर्धं भरलेलं. त्यांनी रोज चौथाई पाणी बदलायचा नेम धरला, तेही सोसायटीच्या आरओचं आणि विहिरीचं मिसळून, कारण नुसतं आरओ म्हणजे क्षार नसलेलं पाणी, ते या प्राण्याला मानवत नाही. आमचं जड पाणी त्याला उलट चालतं. फक्त ते आम्लारी असतं, आणि आम्लारी पाण्यात, त्यातून गरम, तोच अमोनिया जास्त जहरी होतो. दोन्ही काळज्या अशा एकमेकींत गुंतलेल्या.

शहरात मुळा धरणाचं नळाचं पाणी येतं, क्लोरिन मारलेलं. माणसासाठी ते आवश्यकच. ॲक्सोलॉटलच्या कातडीला आणि कल्ल्यांना ते झोंबतं, आणि स्पंजवरचे जिवाणू मारतं. चोवीस तास उघड्या बादलीत ठेवायचं किंवा अँटी-क्लोरिनचे थेंब टाकायचे, एवढं सोपं. तरी दरवर्षी दिवाळीच्या आधी माझ्याकडे दोन-चार पिल्लं आचके देत येतात, कारण घराची साफसफाई निघालेली असते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळलेला असतो, एकदा तर कपड्याच्या साबणाने धुतलेला. त्या माउलीचं काय चुकलं? तिला काळा स्पंज दिसला. त्या काळेपणातच पिल्लाचा जीव होता हे तिला विकतानाच सांगायला हवं, म्हणून मी आता प्रत्येक फिल्टरबरोबर मराठीत छापलेली एक चिठ्ठी देतो: स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलका खळबळा, बस.

खाण्याची काळजी मात्र लोक भरपूर करतात, गरजेपेक्षा भरपूर. अगदी लहान पिल्लाला हलतं, जिवंतच लागतं. त्यासाठी आर्टेमिया नावाच्या इवल्या जिवांची अंडी मिठाच्या पाण्यात उबवायची. इथे निसर्गाने आमची थट्टा केली आहे: आर्टेमिया अठ्ठावीस अंशांना झकास फुटतात, म्हणजे नगरच्या माळ्यावर काहीही न करता, आणि ती ज्याला खायची त्याला अठरा हवे. पुढे बोटाएवढं झालं की गांडूळ. सगळ्यात चांगलं खाणं ते, आणि गांडूळखताचे प्रकल्प आमच्याकडे गावोगाव. पण त्यांतली ती लाल, पट्ट्यांची जात तोडली की कडवट पिवळा रस सोडते आणि पिल्लू थुंकून टाकतं. मग फोन येतो, "खातच नाही." शेणाच्या ढिगापासून लांब, ओल्या बांधाच्या मातीतली फिकी गांडुळं घ्या म्हटलं की प्रश्न सुटतो. औषध मारलेल्या शेतातली नकोत. बाजारात ट्युबिफेक्स नावाची बारीक जिवंत गांडुळं मिळतात, ती गटारीच्या गाळात वाढतात. मी लहान पिल्लाला ती देत नाही. पोळी, भात, उकडलेलं अंडं, शेव यांतलं काहीच नाही. शेव खरंच घातली होती एका आजोबांनी. "एवढुसं तोंड हसरं, बघवलं नाही उपाशी," असं ते म्हणाले.

तरंगण्याच्या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. खाताना हवा गिळली, जास्त खाल्लं, किंवा टाकीत शोभेला घातलेले रंगीत खडे गिळले. तो तोंड उघडून पाण्यासकट सगळं ओढतो, निवडून खात नाही. मी खडे विकतो, पण ॲक्सोलॉटलवाल्याला नाही. त्याला उघडी काच किंवा अगदी बारीक वाळू. तरंगणाऱ्याला एक-दोन दिवस उपाशी ठेवायचं, पाणी एवढं उथळ करायचं की पाय तळाला टेकतील, आणि गार ठेवायचं. बहुतेक वेळा शी होते आणि तो खाली बसतो. खडा अडकला असेल, पोट टणक लागत असेल, तर मग पुणंच. अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं हा आजार नाही, त्याला फुप्फुसंही असतात. हे मी रोज कुणाला तरी सांगतो.

बुरशी कापसाच्या पुंजक्यासारखी कल्ल्यावर दिसते. ती दिसली की लोक औषधं मागतात आणि इथे मला दुकानदार असूनही हात आखडता घ्यावा लागतो. माशांच्या बुरशीवर चालणारी हिरवी औषधं, तांब्याची औषधं या पातळ कातडीतून थेट आत जातात. मासा वाचतो, हे मरतं. आयोडीन नसलेल्या मिठाच्या पाण्यात मोजून थोडा वेळ ठेवणं, मिथिलीन ब्लू अगदी कमी, आणि पुन्हा तेच, पाणी गार व ताजं. गिऱ्हाईकाला वाटतं हा काहीच देत नाही. खिशातून पैसे काढून उभं राहिलेल्या बापाला "काही विकत घेऊ नका" म्हणणं धंद्याला अवघड जातं, पण दुसरा इलाज नसतो.

सगळं करूनही काही जातात. एका वेतात शेकडो अंडी निघतात, कारण निसर्गातही बरीचशी पिल्लं मोठी होत नसतात. काही जन्मतःच अशक्त. जगभरच्या घराघरांतले ॲक्सोलॉटल मोठ्या प्रमाणात १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला नेलेल्या चौतीस प्राण्यांच्या वंशातले, तेव्हा नात्यातल्या नात्यात किती पिढ्या गेल्या असतील! मूल विचारतं, "का मेलं?" आणि आईबाप माझ्याकडे बघतात. गारवा, अमोनिया, खाणं, सगळं बरोबर असेल तर मी सांगतो की कळत नाही. गोष्टी रचून सांगत नाही. मुलांना हे उत्तर मोठ्यांपेक्षा लवकर पटतं.

ॲक्सोलॉटलच्या मूळ गावी तर आणखी वाईट आहे. सोचिमिल्कोत १९९८ च्या मोजणीत चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार होते, २०१४ मध्ये छत्तीस. शहराचं सांडपाणी, आणि खाण्यासाठी म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे. तिलापिया म्हणजे आपली चिलापी, उजनीपासून मुळेपर्यंत जाळ्यात येते ती. मेक्सिकोने २०२१ साली पन्नास पेसोच्या नोटेवर ॲक्सोलॉटल छापला. नोटेवर तो खणखणीत दिसतो. जंगलातला धोक्यात असल्यामुळे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन आहे, आणि आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या अशा प्राण्यांची मालकाने नोंदणी करायची असते; त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. परिवेश पोर्टलवर फॉर्म भरायचा. मी ते सांगतो तेव्हा लोक असे बघतात जणू मी गांजा विकतोय. कागद नसलेलं पिल्लू मी ठेवत नाही, त्यामुळे माझ्याकडे ती फारशी नसतातच, आणि खरं सांगायचं तर बरंच आहे.

अलीकडे मी एक नियम केलाय. होळी झाली की दिवाळी होईपर्यंत मी ॲक्सोलॉटलचं पिल्लू देत नाही. डिसेंबर-जानेवारीत नगरला रात्री पारा दहापर्यंत, कधी खालीही उतरतो, तेव्हा पिल्लू आपसूक तरतं आणि उन्हाळा येईतो अंगाने भरतं. लोक चिडतात. वाढदिवस मेमध्ये असतो, परीक्षा संपलेल्या असतात, पोराला कबूल केलेलं असतं. काहीजण दुसरीकडून मागवतात आणि मग पंखा घ्यायला माझ्याकडेच येतात. त्यांनाही मी पंखा देतो, थर्मामीटर देतो, चिठ्ठी देतो.

गेल्या दिवाळीत श्रीरामपूरचे एक सर आले, मुलासह. पिल्लू हवं होतं. मी म्हटलं, आज टाकी न्या, फिल्टर न्या, पाणी भरा, आणि माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाका. पिल्लू महिन्या-दीड महिन्याने. मुलाचा चेहरा पडला. "रिकाम्या टाकीत खाणं टाकू?" मी हो म्हटलं. सरांनी एकदा माझ्याकडे, एकदा टाकीकडे पाहिलं आणि पैसे दिले. आठवड्यानंतर रात्री फोन, मुलाचाच. "काका, आत काहीच नाही तरी पाणी दुधासारखं गढूळ झालंय. बदलू का?" मी म्हटलं, अजिबात बदलू नकोस, जिवाणू वाढायला लागलेत, चार-पाच दिवसांत आपोआप निवळेल. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाणी एकवीस अंश आहे. मी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवतो. तुम्हाला पाठवू?"

म्हटलं, पाठव.